ख्रिस्ती बालोद्यान, लोकसहभाग आणि सांस्कृतिक शिक्षण : शारदासदनाच्या अनुभवाच्या आधारे नांदेड-लातूर परिसराचा विचार

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याहूनही कमी आहे. असे असूनही ख्रिस्ती संस्थांच्या शाळांविषयी येथील मध्यमवर्गीय पालकांना मोठे आकर्षण वाटते. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाची प्रतिष्ठा तर एवढी आहे की, ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काडीचाही संबंध नाही अशा संस्थाही तो आपल्या नावात जोडून घेतात. देवदेवतांच्या नावापुढे ‘कॉन्व्हेंट’ लिहिलेल्या पाट्या मराठवाड्यात कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. साहजिकच या भागातील ख्रिस्ती बालवर्गात बसणारी बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन वा शीख कुटुंबांतील असतात आणि त्यांना शिकविणाऱ्या शिक्षिकाही बहुधा ख्रिस्तीतर असतात. संस्था एका धर्माची, मुले अनेक धर्मांची आणि वय अवघे तीन ते सहा वर्षांचे, अशी ही रचना आहे.

या रचनेत ‘लोकसहभाग’ आणि ‘सांस्कृतिक शिक्षण’ या संज्ञांना नेमका कोणता अर्थ उरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्नेहसंमेलनाला पालकांची गर्दी जमली म्हणजे सहभाग झाला आणि दिवाळी-नाताळला मुलांना वेश चढविले म्हणजे संस्कृतीचे शिक्षण झाले, अशी सोयीची समजूत रूढ आहे. ही समजूत तपासण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक जुना आणि चांगला नोंदविला गेलेला अनुभव उपयोगी पडतो. तो म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा. शारदासदन हे मुख्यतः विधवा व निराधार मुलींचे निवासी विद्यालय होते, केवळ बालवर्ग नव्हे. परंतु बालोद्यान पद्धती मराठीत आणण्याचा अगदी आरंभीचा गंभीर प्रयत्न आणि ख्रिस्ती संस्थाचालिका व हिंदू समाज यांच्या सहकार्याची कसोटी, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

बालोद्यानाची मूळ कल्पना

‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचा अर्थ मुलांची बाग असा आहे. फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२-१८५२) याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळ व कृती यांवर आधारलेली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व वृत्तचिती अशी त्याची साधने सर्वत्र प्रसिद्ध झाली. त्याच्या विचारातील दुसरा भाग मात्र मागे पडला. १८४४ मध्ये त्याने मातांसाठी गीतांचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. सुतार, लोणारी अशा भोवतालच्या माणसांची कामे बोटांच्या खेळांतून मुलापर्यंत पोहोचावीत आणि ती आईच्या तोंडून पोहोचावीत, ही त्यामागील दृष्टी होती. म्हणजे बालोद्यानाचा अभ्यासक्रम गावातून आणि घरातून घ्यावयाचा, हे त्याच्या जन्मदात्यानेच ठरवून ठेवले होते. आज छापील वर्कबुकांच्या गठ्ठ्याला ‘केजी’ म्हटले जाते, तेव्हा हे आठवून थोडे खेदाचे हसू येते.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली. आरोप होता नास्तिकतेच्या प्रसाराचा. चाळीस-बेचाळीस वर्षांनी पुण्यात ज्या संस्थेवर वादळ उठले तिच्यावरील आरोप धर्मप्रसाराचा होता. लहान मुलांच्या संस्थेकडे समाज नेहमीच या एका प्रश्नाच्या भिंगातून पाहतो: आमच्या मुलांच्या मनात तुम्ही काय पेरता आहात? हा प्रश्न अडाणीपणाचा मानण्याचे कारण नाही. बालोद्यान खरोखरच परिणामकारक असते, याची ती पावतीच होय.

बंदीच्या काळात जर्मन स्थलांतरितांबरोबर ही पद्धती अमेरिकेत गेली. १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉटरटाऊन येथे मार्गारेट शुर्झ यांनी जर्मन भाषेतील आणि १८६० मध्ये बॉस्टन येथे एलिझाबेथ पीबॉडी यांनी इंग्रजी भाषेतील बालोद्यान सुरू केले. रमाबाईंची आणि या पद्धतीची गाठ अमेरिकेतच पडली.

रमाबाई आणि बालोद्यान पद्धतीचे मराठीकरण

रमाबाई (१८५८-१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथे राहून त्यांनी बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला. १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिकांची गरज त्यांनी मांडली होती. मुलांना खेळातून, वस्तूंमधून आणि निरीक्षणातून शिकविणारी पद्धती विधवा स्त्रियांना शिकविली तर त्यांना प्रतिष्ठेचा व्यवसाय मिळेल आणि मुलींना चांगल्या शिक्षिका मिळतील, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता.

विशेष म्हणजे ही पद्धती इंग्रजीतून आणण्याचा विचार त्यांनी केला नाही. अमेरिकेत असतानाच मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तकांची सचित्र मालिका तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पंडित घराण्यात वाढलेल्या, संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या या विदुषीला साध्या मराठीचे महत्त्व पुरते ठाऊक होते. पुढे केडगावला बायबलचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर करतानाही सामान्य स्त्रीला समजेल अशी भाषा हाच त्यांचा आग्रह राहिला. शारदासदनात आणि नंतर केडगावच्या मुक्तिसदनात बालोद्यान पद्धतीला स्थान मिळाले ते या पूर्वतयारीमुळे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सोलापुरात अमेरिकन मराठी मिशननेही बालोद्यान आणि त्यासाठी शिक्षिकांचे प्रशिक्षण चालविले होते. मराठी प्रदेशातील ख्रिस्ती बालशिक्षणाचा आरंभ अशा रीतीने मराठीतून झाला, हे आजच्या ‘कॉन्व्हेंट’च्या पार्श्वभूमीवर आवर्जून सांगावे लागते.

शारदासदन : सहभागाची कसोटी

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पैसा बॉस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि तो दहा वर्षांसाठी कबूल केलेला होता. देणगीदार ख्रिस्ती, संचालिका ख्रिस्ती; विद्यार्थिनी मात्र उच्चवर्णीय हिंदू. म्हणून संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, त्यांच्या जेवणाखाणाच्या नियमांना बाधा येऊ नये, असे धोरण ठरले. देखरेखीसाठी हिंदू सुधारकांचे सल्लागार मंडळ नेमले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा त्यात समावेश होता. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले.

कागदावर पाहता लोकसहभागाची याहून चांगली व्यवस्था सुचविणे कठीण आहे. तरीही ती चार वर्षांत कोसळली. रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंची भूमिका अशी होती की, कोणास बोलवावयाचे नाही, पण येणाऱ्यास दार बंदही करावयाचे नाही. स्वतःचा धर्म लपवून राहणे त्यांना मान्य नव्हते. सल्लागारांच्या दृष्टीने ज्या बाईंवर मुलींचे सर्वस्व अवलंबून आहे त्यांच्या प्रार्थनेचे उघडे दार हे निमंत्रणच होते. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचे लेखन बहुधा दोन बाजूंपैकी एकीची वकिली करते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिसराच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. उघड्या दाराचा प्रश्न दोन्ही पक्षांनी आधी बोलून ठेवलेला नव्हता. ‘धर्मशिक्षण नाही’ हे ठरले होते. संचालिकेच्या वैयक्तिक उपासनेला मुलींनी हजर राहावे की नाही, हे ठरले नव्हते. तटस्थतेचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनाने लावला. शिवाय ज्यांनी सल्ला द्यावयाचा ते शहरातील मान्यवर पुरुष होते. प्रत्यक्ष मुलींच्या घरातील स्त्रियांना, त्यांच्या आयांना वा सासवांना या मंडळात जागा नव्हती. त्या काळात ती असणे शक्यही नव्हते, हे खरे. परंतु त्यामुळे घडले असे की, संशय घराघरांत वाढला आणि त्याची वाच्यता वृत्तपत्रांत झाली. दोहोंच्या मध्ये त्याचे निरसन करणारी एकही जागा नव्हती. मान्यवरांचे मंडळ ही पालकांची जागा भरून काढू शकत नाही, असा या घटनेचा अर्थ आहे.

सदन बंद पडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुलींना रमाबाईंनी केडगावला आणले. १८९८ मध्ये मूळ असोसिएशनची मुदत संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. कार्य कितीतरी पटींनी वाढले, पण पुण्याच्या समाजाशी जो संवाद १८८९ मध्ये सुरू झाला होता तो पुन्हा जुळला नाही. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि १८९६ पासून कर्व्यांनी हिंदू समाजाच्या स्वतःच्या आधारावर तेच काम उभे केले. कल्पना समाजाने स्वीकारली, संस्था मात्र दूर ठेवली.

रमाबाईंचे कार्य पुढे निजामाच्या राज्यातही पोहोचले. १९१३ च्या सुमारास गुलबर्गा येथे त्यांनी व त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी शाळा सुरू केली. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होते, हा दुवा मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात क्वचितच नोंदविला जातो.

उपासनेचे मराठी रूप

रमाबाईंनी भाषा दिली. सांस्कृतिक रूप देण्याचे काम रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी केले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतर टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे वारकरी परंपरेचे घाट मराठी मंडळीत रुजविले. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी लेखन केले आणि मराठी बालकवितेच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते आहेत आणि ती पेटी-तबल्याच्या साथीने गायिली जातात.

आता विरोधाभास पाहावा. मराठवाड्यातील खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात नाताळचे भजन मराठीत होते आणि त्याच जिल्ह्याच्या शहरातील बालवर्गात नाताळला इंग्रजी कॅरोल बसविले जाते, कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज येतो आणि तेवढ्यालाच मुले ‘ख्रिस्ती संस्कृती’ समजतात. येथे केवळ हिंदू वा मुस्लिम मुलाची संस्कृती बाजूला पडते असे नाही. मराठी ख्रिस्ती मुलाचीही पडते. ख्रिस्ती बालवर्गातील सांस्कृतिक दुराव्याचे कारण धर्मात शोधण्याची सवय लागलेली आहे. ते बहुतांशी इंग्रजी माध्यमाच्या बाजारपेठेत आहे.

नांदेड-लातूरची सांस्कृतिक सामग्री

लातूर जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिवमध्ये मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या साजरी होते. बोलीत तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, शहरांतील रस्ते ओस पडतात आणि सारे कुटुंब शेतात जाते. कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव मांडून पूजा करतात. आंबिलाची बिंदगी, अनेक शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर असा बेत असतो. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात आणि त्या पंगतीत जात-धर्म फारसा विचारला जात नाही.

बालशिक्षणाच्या दृष्टीने या दिवसात किती काय सामावले आहे! हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, ज्वारीचे कणीस यांचा स्पर्श आणि वास, मोजणे, वेचणे, निवडणे, आंबट-गोड-तिखटाची ओळख, मोठ्यांच्या कामात लुडबुड करण्याची मुभा. फ्रोबेलला जी बाग कृत्रिमरीत्या शाळेच्या आवारात करावी लागली ती येथे एक दिवस अख्ख्या जिल्ह्याला मिळते. अशा दिवसाची नोंद बालवर्गाने केवळ ‘सुट्टी’ म्हणून करणे हे शैक्षणिक नुकसान आहे. दुसऱ्या दिवशी मुलांनी शेतातून आणलेल्या वस्तू मांडणे, कोणाच्या आजीकडून आंबील कशी करतात ते ऐकणे, लहानशी कोप बांधणे हे खर्चाचे काम नाही. पूजेचा भाग मुले आपल्या शब्दांत सांगतील. तो शाळेने करावा असे नाही आणि टाळून पुढे जावे असेही नाही. एखाद्या धर्माची गोष्ट ऐकणे आणि त्या धर्माचा विधी करणे यांतील फरक बालशिक्षिकेला नीट सांभाळता आला पाहिजे. हाच फरक ख्रिस्ती संस्थेने नाताळच्या बाबतीतही पाळावयाचा आहे.

नांदेडचे स्वरूप निराळे. तेथे भाषांचीच विविधता आहे. मराठीबरोबर दखनी, तेलुगू, पंजाबी, बंजारा समाजाची गोरमाटी आणि किनवटकडे गोंडी व कोलामी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान येथे झाले. सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर शहरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. एकत्र बसून, एकच अन्न, कोणासही न विचारता: सहभोजनाचा हा पाठ कोणत्याही पुस्तकापेक्षा सोपा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या घरच्या भाषेचा आग्रह धरला. मात्र ज्या वर्गात चार घरभाषा आहेत तेथे ‘घरची भाषा’ शिक्षिका एकटी कोठून आणणार? ती पालकांनाच आणावी लागेल. तेलुगू अंगाईगीत म्हणणारी आई वर्गात पंधरा मिनिटे बसली, तर तो लोकसहभागही झाला आणि सांस्कृतिक शिक्षणही.

सहभागाची व्यवस्था

येथे कायद्याचा प्रश्न येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०(१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद २८(३) असे सांगतो की, शासनमान्य वा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणासही त्याच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धार्मिक शिक्षण वा उपासनेत सहभागी करता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना स्थान दिले. परंतु तो कायदा सहा ते चौदा वयोगटाचा आहे. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत संस्कारक्षम असते त्या वयासाठी पालकांच्या सहभागाची सक्तीची व्यवस्था या कायद्यात नाही. अनुदान नसलेल्या व स्वतंत्र मान्यतेविना चालणाऱ्या बालवर्गापर्यंत अनुच्छेद २८(३) चे शब्दही सरळ पोहोचत नाहीत. उरतो तो संस्थेचा स्वतःचा शब्द.

तो शब्द स्पष्ट असावा, एवढीच अपेक्षा शारदासदनाच्या अनुभवावरून करता येते. सकाळची प्रार्थना कोणती, तिचा मराठी अर्थ काय, मुलाने हात जोडून उभे राहावे की नुसते शांत बसले तरी चालेल, नाताळच्या नाटिकेत भाग घेणे ऐच्छिक आहे की नाही, डब्यात काय आणावे याला काही बंधन आहे का, या गोष्टी प्रवेशाच्या वेळीच मराठीत लिहून द्याव्यात. यामुळे संस्थेचे ख्रिस्तीपण कमी होत नाही. उलट, ते लपविण्याची गरज उरत नाही. रमाबाईंना नेमका हाच जाच वाटत होता. पालकांनीही आपली बाजू तपासावी. इंग्रजीसाठी प्रवेश घ्यावयाचा, वर्षभर संस्थेत पाऊल टाकावयाचे नाही आणि एखादी अफवा कानी येताच मोर्चा न्यावयाचा, हा सहभाग नव्हे. लातूरच्या गुणवत्तेचा लौकिक दहावी-बारावीच्या निकालांवर उभा आहे. त्या शर्यतीची सावली बालवर्गावर पडल्यामुळे मूल किती लिहिते एवढेच विचारणारे पालक वाढले आहेत. मूल काय गाते, हे विचारणारे थोडे.

पालकसभेची रूढ पद्धतही तपासावी लागेल. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते आणि सूचना इंग्रजीत येते. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मजुरीला जाणारी आई, लातूरच्या अडत बाजारातला हमाल किंवा नांदेडच्या रिक्षाथांब्यावरील चालक या सभेला येऊ शकत नाही. आलाच तर मागच्या बाकावर गप्प बसतो. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना ही अडचण ओळखली होती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. ख्रिस्ती बालवर्गालाही हा मार्ग मोकळा आहे. महिन्यातून एकदा पालकसभा शाळेबाहेर, एखाद्या वस्तीवर, सायंकाळी सातनंतर भरवावी. तेथे शिक्षिका पाहुणी असेल आणि बोलण्याची भाषा घरमालकिणीची असेल.